पावसाळ्याला पुरून उरणारी गिटार

महागड्या अकूस्टिक गिटारची वरची फळी सलग लाकडाची असते. यामाहा एफ ३१० सारख्या स्वस्त गिटारची पातळ थर चिकटवून केलेली, प्लायवूडसारखी. सलग फळी मोकळी थरथरते, आवाज भरदार येतो, यात वादच नाही. पण तिला मानवते साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांपुढे जाते. मग फळी फुगते, ब्रिजमागे पोट सुटतं, तारा उंचावतात आणि बोटं सोलवटतात. थरांच्या फळीत लाकडाचे रेषे एकमेकांना आडवे असतात, म्हणून ती फारशी हलत नाही. शिकणाऱ्याने अशाच फळीची गिटार घ्यावी, असं माझं ठाम मत. वाचलेल्या पैशांतून कारागिराकडून सेटिंग मात्र जरूर करून घ्यावं. बाराव्या फ्रेटवर जाड तार सुमारे अडीच मिलिमीटर उंच ठेवली, की नवख्यांनाही तारा दाबणं सोपं जातं.