साडेत्रेसष्ट टक्क्यांचं सौंदर्य

१९६१ साली अमेरिकेतल्या ब्रन्सविक कंपनीने ‘गोल्ड क्राउन’ नावाचं पूल टेबल बाजारात आणलं. त्यावर कोरीवकाम नव्हतं, पायांना सिंहाचे पंजे नव्हते, पॉकेटांखाली झालरी लोंबत नव्हत्या. सरळ रेषांची पेटी, रुंद पाय आणि कोपऱ्यांवर ओतीव ॲल्युमिनियम, एवढाच त्याचा थाट. याच कंपनीने एकोणिसाव्या शतकात ‘मोनार्क’ नावाचं टेबल घडवलं होतं. त्याला पायांच्या जागी ओतीव लोखंडाचे सिंह होते. पूल टेबल दिसावं कसं, याबद्दलची दोन टोकं एकाच घराण्यातून निघाली.

हा वाद अजून चालू आहे. दिवाणखाना सजवणाऱ्याला नक्षीचं, गडद पॉलिशचं टेबल हवं असतं. रोज खेळणारा मात्र गोल्ड क्राउनकडे किंवा त्याच्यासारख्या साध्या टेबलाकडे वळतो. यात केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. पूल टेबलाच्या रूपातल्या बऱ्याच गोष्टी चेंडूने ठरवल्या आहेत. ज्या त्याने ठरवल्या, त्या टिकल्या आणि बाकीच्या येत-जात राहिल्या.

त्या जाडजूड पायांचंच पाहा. अठराव्या शतकातल्या टेबलांचा पृष्ठभाग लाकडी फळ्यांचा असे. हवामान बदललं की फळ्या वाकत आणि हळू मारलेला चेंडू भलतीकडेच जाई. लंडनच्या जॉन थर्स्टन या फर्निचर-कारागिराने १८२६च्या सुमारास फळ्यांच्या जागी स्लेट बसवायला सुरुवात केली. शाळेच्या पाटीचाच हा दगड. तो सपाट पापुद्र्यांत फुटतो, घासून एकसारखा करता येतो आणि दमट हवेत लाकडासारखा फुगत नाही. पण त्याचं वजन प्रचंड. बारा फुटी स्नूकर टेबलात स्लेटच्या पाच लाद्या असतात आणि सगळा डोलारा दीड टनाच्या घरात जातो. इंग्लिश टेबलाचे ते आठ कातीव पाय डौलासाठी आहेत असं वाटतं, पण आधी ते दगड पेलण्यासाठी आहेत. कारागिराने भार वाहणाऱ्या खांबालाच आकार दिला, म्हणून ते आजही शोभतात. पातळ फायबरबोर्डच्या टेबलाला तसेच पाय लावले की सोंग उघडं पडतं, कारण वर पेलायला काहीच नसतं.

कडेवरचे शिंपल्याचे ठिपकेही असेच. दोन पॉकेटांच्या मध्ये समान अंतरावर तीन, असे पूल टेबलावर एकूण अठरा. नवख्याला ती सजावट वाटते. जाणकार मात्र कडेवर आपटून चेंडू कुठे जाईल, याचं गणित त्यांच्यावरूनच मांडतो.

टेबलाचा सगळ्यात हट्टी भाग मात्र डोळ्यांत भरत नाही. तो कापडाखाली दडलेला असतो: कुशनचं रबर.

पूर्वी कडांना कापडाच्या पट्ट्या, घोड्याचे केस असलं काहीबाही भरत. चेंडू तिथे आदळून मरगळून थांबे. १८३५मध्ये थर्स्टननेच रबर आणलं, पण कच्चं रबर इंग्लंडच्या थंडीत दगडासारखं कडक होई. मग खेळाआधी गरम पाण्याची लांबट भांडी कडांना लावून ते शेकावं लागे. व्हल्कनाइज्ड रबर आल्यावरच ही कटकट मिटली. १८४५मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या विंडसर राजवाड्यातल्या टेबलाला तशी कुशन बसली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सिनसिनाटीत जॉन मोझेस ब्रन्सविक हा स्वित्झर्लंडहून आलेला सुतार आपलं पहिलं बिलियर्ड टेबल घडवत होता.

रबर कसं आहे याइतकंच ते किती उंचीवर बसवलंय हे महत्त्वाचं. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांप्रमाणे कुशनच्या नाकाची, म्हणजे चेंडूला भिडणाऱ्या धारेची उंची चेंडूच्या व्यासाच्या साडेत्रेसष्ट टक्के असावी लागते. इकडे-तिकडे फार तर एक टक्का. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटरचा, म्हणजे नाक ३६ मिलिमीटरच्या किंचित वर. नाक खाली आलं तर जोरात आलेला चेंडू कडेवर आदळून उसळतो. वर गेलं तर कड चेंडूला खाली स्लेटवर दाबते आणि त्याचा वेग खाऊन टाकते. टेबलाच्या कडेला जो उतार दिसतो, कापडाची जी घट्ट वळणदार रेघ दिसते, ती या आकड्याशी बांधलेली आहे. टेबलाच्या सगळ्या रूपात ही रेघ सर्वात सुंदर आहे.

डायमंड या अमेरिकी कंपनीच्या टेबलांनी हे फार स्पष्ट दाखवून दिलं. त्यांची जुनी टेबलं लाल नामपट्टीची, नंतरची निळ्या. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. पण लाल पट्टीच्या टेबलावर कडेवरून परतणारा चेंडू अपेक्षेहून आखूड कोनात येतो, अशी खेळाडूंची तक्रार होती. पुढे रबर ज्या लाकडावर बसतं त्याचा कोन बदलला आणि निळी पट्टी आली. जुनी टेबलं विकत घेणारे आजही आधी पट्टीचा रंग विचारतात.

कापडाच्या रंगावरची मतं त्या मानाने सोपी. हिरवा रंग हा खेळ हिरवळीवर खेळला जाई तेव्हापासूनचा मानतात. स्पर्धांमध्ये आता निळं कापड सर्रास दिसतं, कारण कॅमेऱ्यात त्यावर चेंडू उठून दिसतात. टीव्हीसाठीच चार नंबरचा जांभळा चेंडू काही संचांत गुलाबी झाला, कारण पडद्यावर तो काळ्या आठ नंबरसारखा भासे. पांढऱ्या क्यू बॉलवर लाल ठिपके आले, त्यामुळे त्याची फिरकी प्रेक्षकाला दिसू लागली. जुन्या मंडळींना हे भडक वाटतं, पण फिरकी दाखवणारा ठिपका ही कामाची नक्षी आहे. तिच्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही.

खरी चिंता आहे ती हे सगळं सांभाळणाऱ्या हातांची. आपल्याकडे या टेबलांचा वारसा लहान नाही. स्नूकरचा जन्मच १८७५मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमधला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, मुंबईच्या मायकेल फरेरांनी तोच किताब तीनदा जिंकला. त्या काळच्या जिमखान्यांत टेबलाचा खरा राखणदार म्हणजे मार्कर. गुण मांडणं हे त्याचं दिसणारं काम. त्याखेरीज तो रोज कापड झाडायचा, ब्रश फिरवायचा आणि इस्त्री करायचा. स्नूकरच्या कापडाला लव असते आणि तिची दिशा ठरलेली असते. ब्रश आणि इस्त्री त्याच दिशेने फिरली पाहिजे. उलटी फिरली की लव उभी राहते आणि हळू चेंडू वाट सोडतो. हे पुस्तकातून येत नाही, मनगटात बसावं लागतं.

पूल पार्लरं आली आणि मार्करची जागा काउंटरवर तासाचे पैसे घेणाऱ्या मुलाने घेतली. पूलचं कापड बिनलवेचं, त्याला ही इस्त्री लागत नाही, म्हणून टेबलाला काहीच लागत नाही असा समज पसरला. पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कापड ओल धरतं आणि चेंडू जड चालतात. मोठ्या स्नूकर स्पर्धांत स्लेटखाली हीटर असतो. आपल्या पार्लरमध्ये दिवसा एसी आणि रात्री बंद दारांआडची दमट हवा, हा खेळ रोज चालतो. लाकडी चौकट त्याने हलते, आणि तिच्यावर टेकलेल्या लाद्यांचे सांधेही.

मग मिस्त्री लागतो. नऊ फुटी टेबलाच्या तीन लाद्या पाणसळ लावून, खाली पातळ पाचरी सरकवत एका पातळीत आणायच्या, सांध्यात मेण भरून खरवडून गुळगुळीत करायचं आणि मग कापड ताणायचं. स्पर्धेच्या टेबलाला लांबीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त चढउतार चालत नाही. हे काम नेटाने करणारे मिस्त्री थोडे, आणि घाईने करणारे भरपूर. जागा बदलताना लाद्या अरुंद जिन्यावरून नेताना कोपरा उडतो, तो लुकणाने भरून वर नवं कापड चढवलं जातं. टेबल पुन्हा नव्यासारखं दिसतं, पण कोपऱ्यातल्या पॉकेटजवळ चेंडू दर वेळी किंचित वळतो.

रबराचं तर त्याहून वाईट. वर्षानुवर्षांनी ते कडक होतं आणि बदलताना बाजारात मिळेल ती पट्टी चिकटवली जाते. पट्ट्यांचे आकार वेगवेगळे असतात. एकीसाठी कापलेल्या लाकडावर दुसरी बसवली की नाकाची उंची चुकते, आणि वरचं कापड ती चूक झाकून टाकतं. त्यातच घराघरांत आता वर फळी टाकली की जेवणाचं मेज होणारी टेबलं येऊ लागली आहेत. त्यांच्या जाहिरातीत लाकडाचा रंग असतो, कापडाच्या दहा छटा असतात. आतली लादी स्लेटची आहे की फायबरबोर्डची, रबराचा आकार कोणता, नाक किती उंचीवर, हे बहुतेकदा लिहिलेलं नसतं, आणि विचारलं तर दुकानातल्या माणसालाही सांगता येत नाही. घेणाऱ्याने खिशात मोजपट्टी न्यावी, आणि सैलसर हाताने एक चेंडू टेबलाच्या लांबीवर सोडून तो शेवटच्या हातभर अंतरात कुठे झुकतो ते पाहावं.