रिपोर्टवरचा आकडा आणि घरातला संशय

मागच्या पावसाळ्यात गटाची बैठक संपल्यावर आमच्यातली एक ताई मागे थांबली. पिशवीतून तिनं घडी घातलेला कागद काढला. लघवीच्या जागी खाज आणि आग होत होती, म्हणून तिनं तालुक्याला रक्त तपासलं होतं. रिपोर्टवर होतं, ‘हर्पिस आयजीएम संशयास्पद, टाइप दोन आयजीजी १.६’. घरात गोष्ट ‘माहेरी पाठवा’पर्यंत गेली होती. तिला विचारून, नाव न घेता, आज हा कागद आपण समजून घेऊ.

आधी एक गैरसमज काढू. हा हर्पिस म्हणजे नागीण नव्हे, नागिणीचा विषाणू वेगळा. हर्पिसचे दोन प्रकार आहेत. टाइप एकमुळे बहुधा ओठाच्या कडेला पुळ्या येतात. तो पुष्कळांना लहानपणीच लागलेला असतो. टाइप दोन मुख्यतः शरीरसंबंधातून लागतो.

रक्ताच्या तपासणीत विषाणू दिसत नाही. त्याच्याशी लढायला शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं दिसतात. त्यातली आयजीएम तपासणी हर्पिससाठी भरवशाची नाही, तिच्यावरून काहीच ठरवू नये. आयजीजी बरी, पण लागण झाल्यावर ती दिसायला कित्येक आठवडे, कधी तीन-चार महिने लागतात. बऱ्याच तपासण्यांत १.१ च्या वर आकडा गेला की ‘पॉझिटिव्ह’ छापतात. पण ३ च्या आतला आकडा अनेकदा खोटा पॉझिटिव्ह निघतो. अशा वेळी वेगळ्या पद्धतीनं पुन्हा तपासावं लागतं.

आणि खरा पॉझिटिव्ह आला तरी लागण कधी झाली, कोणाकडून झाली, हे रक्त सांगत नाही. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. म्हणून कागद दाखवून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवता येत नाही, बाईच्याही नाही आणि पुरुषाच्याही नाही.

मग काय करायचं? पाण्यानं भरलेल्या, दुखणाऱ्या पुळ्या किंवा जखम दिसली, तर ती ताजी असतानाच, एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. जखमेतलं पाणी घेऊन केलेली तपासणी जास्त खात्रीची. सुकल्यावर ती चुकू शकते. न दुखणारी जखमही अंगावर काढू नका. ती गरमीची, म्हणजे सिफिलिसची असू शकते आणि तो औषधानं बरा होतो. नुसती खाज, दह्यासारखं पांढरं पाणी असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो.

हर्पिस निघालाच, तर अॅसायक्लोव्हिरच्या गोळ्यांनी त्रास लवकर आटोक्यात येतो. विषाणू शरीरातून जात नाही, पण संसार नीट चालतो. पुळ्या असताना संबंध टाळा, एरवी निरोध वापरा. गरोदर असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. शेवटच्या महिन्यांत नव्यानं लागण झाली तर बाळाला धोका असतो.

जिल्हा रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, नाव गुप्त राहतं. १०९७ या मोफत नंबरवरही विचारता येतं.

आमच्या ताईला बुरशीचा संसर्ग निघाला, औषधानं गेला. तीन महिन्यांनी पुन्हा केलेली रक्ततपासणी निगेटिव्ह आली. डॉक्टरांकडे या वेळी नवराही सोबत गेला होता. मैत्रिणींनो, असा कागद हाती आला तर तो उशाखाली लपवू नका. आशाताईंना नाहीतर गटातल्या विश्वासाच्या बाईला सोबत घ्या आणि दवाखाना गाठा.