२१ आणि २३ च्या मधली जागा

१९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कमध्ये कोणीतरी पासवर्ड टिपणारा प्रोग्रॅम घुसवला आणि हजारो पासवर्ड चोरीला गेले. दूरच्या संगणकावर काम करायचं टेलनेट आणि फाइली पाठवायचं एफटीपी, दोन्ही तेव्हा पासवर्ड उघडाच पाठवत. तिथले संशोधक तातु युलोनेन यांनी यावर उपाय म्हणून सगळी देवाणघेवाण कूटबद्ध करणारा प्रोग्रॅम लिहिला, एसएसएच. तो जगाला द्यायचा तर त्याला स्वतःचा पोर्ट क्रमांक हवा होता.

क्रमांकावाचून अडतं ते असं. आयपी पत्ता डेटाचं पॅकेट योग्य यंत्रापर्यंत आणतो. पण त्या एकाच यंत्रावर वेबसाइट, मेल, डेटाबेस असं सगळं चालू असतं. पॅकेट यांतल्या कोणाचं? डेटा वाहून नेणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलच्या हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या माहितीपट्टीचे, पहिले चार बाइट त्यासाठीच आहेत: दोन पाठवणाऱ्याच्या पोर्टचे, दोन घेणाऱ्याच्या. दोन बाइटमध्ये ० ते ६५,५३५ एवढे आकडे मावतात.

बँकेची साइट उघडली की ब्राउझर सर्व्हरच्या ४४३ क्रमांकावर जातो. आपल्या बाजूला ऑपरेटिंग सिस्टीम एक तात्पुरता क्रमांक देते, समजा ५१८३४. उत्तर येताना हे आकडे उलटे होतात: ४४३ कडून ५१८३४ कडे. सर्व्हरचा ४४३ मात्र हजारो ग्राहकांसाठी एकच. एका पोर्टवर एकच ग्राहक, असा समज बऱ्याच नवशिक्यांचा असतो, आणि तो चुकीचा आहे. जोडणी ओळखली जाते ती दोन पत्ते आणि दोन पोर्ट मिळून.

पण ४४३ म्हणजे सुरक्षित वेब, हे ठरवलं कोणी? अमेरिकेतल्या जॉन पोस्टेल यांनी १९७२ मध्येच सुचवलं होतं की असे क्रमांक एकाच माणसाने वाटावेत. पुढे १९९८ मध्ये निधन होईपर्यंत ही नोंदवही त्यांनीच सांभाळली. त्या वहीतले जुने क्रमांक बरेचसे विषम आहेत. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कच्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये डेटा एकाच दिशेने जाई, म्हणून एका संभाषणाला क्रमांकांची जोडी लागे. दोन्ही दिशांनी बोलणारा टीसीपी आल्यावर कित्येक सम क्रमांक रिकामे राहिले.

एफटीपी २१ वर, टेलनेट २३ वर. दोघांची जागा घ्यायला निघालेल्या युलोनेन यांनी नेमका मधला २२ हेरला. १० जुलै १९९५ रोजी त्यांनी ईमेल पाठवून तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी पोस्टेल यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांचं उत्तर आलं: क्रमांक तुमच्या नावावर नोंदवला आहे. फी नाही, समिती नाही.

आज इंटरनेटवर २२ उघडा ठेवलेल्या सर्व्हरवर अनोळखी बॉट पासवर्ड ठोकून पाहायला लागतात. काही ॲडमिन एसएसएच २२२२ वर हलवतात. त्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, पण सगळे पोर्ट तपासणाऱ्याला नवी जागाही सापडतेच. म्हणून जाणते ॲडमिन आधी पासवर्डने लॉगिन बंद करतात आणि त्याऐवजी एसएसएचच्या कूट-कीवर येतात. क्रमांक बदलायचा की नाही, हे नंतर.