पाण्यात मीठ कोठे जाते?

पेलाभर पाण्यात मिठाचा खडा टाकला, तर तो झिजत झिजत अखेर दिसेनासा होतो. पाणी पूर्वीसारखेच नितळ दिसते. मीठ नाहीसे झाले म्हणावे, तर पाण्याचा घोट खारट लागतो. आणि तेच पाणी थाळीत घालून उन्हात ठेवले, तर पाणी आटून तळाशी मीठ उरते. ते नष्ट झालेले नसते, विरघळलेले असते. विरघळविणाऱ्या पदार्थास द्रावक, विरघळणाऱ्यास द्राव्य आणि दोहोंच्या मिश्रणास द्रावण म्हणतात.

मिठाचा खडा म्हणजे अतिसूक्ष्म विद्युतभारित कणांची सुबक रास होय. सोडियमचे कण धनभारित व क्लोराइडचे ऋणभारित असल्यामुळे ते एकमेकांना धरून असतात. पाण्याच्या रेणूचीही एक बाजू किंचित धन व दुसरी किंचित ऋण असते. हे रेणू खड्याला चोहोबाजूंनी भिडतात, त्यातील एकेका कणास वेढतात आणि ओढून नेतात. साखरेचे तर अख्खे रेणूच सुटे होऊन पाण्यात मिसळतात. तेलाला मात्र पाणी असे सामावून घेत नाही. कितीही ढवळले तरी ते पुन्हा वर तरंगते.

अर्थात पाण्याच्या या शक्तीलाही सीमा आहे. १०० ग्रॅम थंड पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. अधिक टाकलेले तळाशी तसेच राहते. अशा द्रावणास संपृक्त द्रावण म्हणतात.

गढूळ पाण्यातील माती काही वेळाने खाली बसते; द्रावणातील मीठ बसत नाही. पिंपातील वरचा पेला घ्या की तळाचा, दोहोंत मिठाचे प्रमाण तेच असते. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु १९७१ साली हजारो रुग्णांचा जीव तिच्यावर अवलंबून होता.

त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, निर्वासितांचे लोंढे भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकीची साथ उसळली. पटकीत जुलाबांवाटे शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी एका लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात द्रावण तयार करविले आणि ते पिंपांत भरून ठेवले. रुग्णांचे नातलगच ते पेल्यांनी पाजू लागले. कोणाच्या वाट्याला कोणताही पेला आला, तरी औषध तेच! ग्लुकोज केवळ गोडीसाठी नव्हते. आतड्यात ग्लुकोज व सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणीही रक्तात शिरते. पूर्वी शंभरांत सुमारे तीस रुग्ण दगावत. तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले.

आज हेच औषध पुडीत मिळते. तिच्यात ग्लुकोज कमी, साडेतेरा ग्रॅमच असते, व अन्य क्षारही असतात. मोठी पुडी लिटरभर पाण्यासाठी असते. ती पेलाभर पाण्यात कालविली, तर द्रावण दाट होते, आणि दाट द्रावण आतड्यात गेले की शरीरातील पाणीच उलट आतड्याकडे ओढले जाते.