वेदनाशामकजन्य शीतपित्त आणि ‘सोबत सेट्रिझिन’चा प्रघात

“अंगदुखीच्या गोळीने अंगावर गांधी उठतात, म्हणून सोबत सेट्रिझिन द्या,” अशी मागणी कोल्हापूर परिसरातील वैद्यबंधूंना व औषधविक्रेत्यांना नवी नाही. तिचा शास्त्रीय विचार येथे करू.

माधवनिदानात शीतपित्त, उदर्द व कोठ यांचे वर्णन एकत्र आले आहे. लक्षणे जुळत असली तरी येथे हेतू औषध हाच आहे. म्हणून निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा ठरते.

अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे कॉक्स-१ हे विकर अडवितात. संवेदनशील रुग्णांत त्यामुळे ल्युकोट्राईन वाढतात, मास्ट पेशींतून हिस्टामिन स्रवते आणि गांधी उठतात. सेट्रिझिन केवळ हिस्टामिनचे कार्य अडविते; ल्युकोट्राईनवर त्याचा अंमल नाही. परिणामी कंडू व गांधी कमी होतील, परंतु ओठ-जिभेची सूज किंवा श्वासकष्ट टळेलच अशी हमी नाही. उलट त्वचेवरील पूर्वसूचना झाकली जाते.

म्हणून प्रथम प्रश्न विचारावा: त्रास एकाच औषधाने होतो की अनेक वेदनाशामकांनी? एकाच औषधाने झाला असल्यास ते व त्याच्या रासायनिक गटातील औषधे वर्ज्य करावीत. अनेकांनी होत असल्यास कॉक्स-१ रोखणारी सर्वच औषधे टाळावीत. अशा बहुतेक रुग्णांना पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ. सोसते, मोठ्या मात्रेने मात्र काहींना त्रास होतो. एटोरिकॉक्सिबसारख्या पर्यायाची पहिली मात्रा तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावी. दमा किंवा जुनाट शीतपित्त असल्यास विशेष दक्षता हवी. हृद्रोगासाठी चालू असलेले अ‍ॅस्पिरिन हृद्रोगतज्ज्ञांच्या सल्ल्याविना बंद करू नये.

आपल्याच दुकानातील एका गोष्टीकडेही लक्ष वेधणे आवश्यक वाटते. अनेक वेदनाहर तेलांत व मलमांत गंधपुरा तेल असते आणि त्याचा मुख्य घटक मिथाइल सॅलिसिलेट आहे. अ‍ॅस्पिरिन न सोसणाऱ्या रुग्णास ‘आयुर्वेदिक आहे, निर्धोक आहे’ असे सांगण्यापूर्वी वेष्टनावरील घटक वाचावेत.

श्वास लागणे, आवाज बसणे, घेरी येणे यांपैकी काहीही दिसल्यास सेट्रिझिन किंवा हरिद्राखंड देत वेळ दवडू नये. मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन हाच प्राणरक्षक उपाय होय; रुग्णास तत्काळ सी.पी.आर.सारख्या सुसज्ज रुग्णालयात न्यावे.

न सोसणाऱ्या औषधाचे नाव चिठ्ठीवर ठळक लिहून देणे आणि विक्रीपूर्वी ते विचारणे, एवढी शिस्त आपण सर्वांनी पाळली तरी मोठा अनर्थ टळेल.