मांडवाचं बळ कडेला



कारली-दोडक्याचा मांडव मोडतो कधी? वेल लहान असताना नव्हे, माल भरल्यावर. पावसानं पाला भिजून जड होतो, त्यात वारा सुटला की एका रात्रीत मांडव खाली बसतो. असाच एक मांडव आम्ही पाहिला. मधले टेकू शाबूत होते, पण कडेचे डांब आत ओढले गेले होते. त्यांना ताणच दिला नव्हता. पहिला तोडा दोन दिवसांवर आला होता!

वरच्या सगळ्या तारांची ओढ कडेच्या डांबांवर येते. म्हणून खर्च वाचवायचा तर तिथं वाचवू नका.

उभारणी अशी करा. शेताच्या कडेनं दर ५ मीटरवर १० फूट लांब, ४ इंच जाड डांब घ्या. बुडाला डांबर लावून २ फूट जमिनीत गाडा. वरचं टोक बाहेर झुकलेलं ठेवा. मोठ्या दगडाला १० गेजची तार बांधून तो डांबाच्या बाहेरच्या अंगाला २ फूट खोल पुरा आणि त्या तारेनं डांबाला ताण द्या. मग साडेसहा फुटांवर १० गेजची तार चौफेर ओढा. आत १६ गेजच्या तारा दोन-दोन फुटांवर उभ्या-आडव्या बांधा. मध्ये बांबूचे टेकू द्या.

वेल सुतळीवर चढवा. तो मांडवाला पोचेपर्यंत बगलफूट काढत राहा. वर गेल्यावर फांद्या पसरू द्या.

फायदा काय? फळं लोंबकळत वाढतात, सरळ होतात, मातीला टेकून सडत नाहीत. हवा खेळती राहते. माणूस उभ्यानं तोडणी-फवारणी करतो. वेल वर पसरेपर्यंत खाली कोथिंबीर, पालक निघतो. याच मांडवावर तोंडली, पडवळ, दुधीही चालतात. कारली निघाल्यावर मात्र पुन्हा दोडका नको. वेलघेवडा घ्या, म्हणजे तीच रोगराई पुढं चालणार नाही. द्राक्षाचा भार याला पेलायचा नाही. त्याला लोखंडी अँगलचा मांडव लागतो.

वेल चढवण्याआधी एकदा कडेच्या तारेला दोघांनी लोंबकळून बघा. डांब हलला, तर ताण त्याच दिवशी आवळा. माल लागल्यावर दुरुस्ती होत नाही.