शॉक लागून भाजलं? जखम रुपयाएवढी दिसली तरी फसू नका

भोसरीत, तळवड्यात किंवा चाकणला शेड बघायला गेलात की पहिला प्रश्न भाड्याचा आणि दुसरा मंजूर लोडचा. वेल्डिंग टाका नाहीतर सीएनसी, थ्री फेजचे ४१५ व्होल्ट तुमच्या छपराखाली येणारच. म्हणून आज कर्ज आणि जीएसटी बाजूला ठेवू. हेल्परला शॉक लागून भाजलं, तर मालक म्हणून तुम्ही काय करणार?

तव्याचा चटका वरून आत जातो. विजेचं तसं नाही. ती हातातून शिरते आणि पायातून किंवा दुसऱ्या हातातून बाहेर पडते. वाटेतले स्नायू, नसा, रक्तवाहिन्या भाजतात आणि कातडी बरीचशी शाबूत दिसते. म्हणून डाग दोन ठिकाणी शोधायचे, सेफ्टी शूज काढून तळवेही बघायचे. डाग छोटा, करडा-पांढरा किंवा काळा पडलेला, मधे खोलगट असतो. कधी दुखतही नाही, कारण तिथल्या नसाच जळालेल्या असतात. छातीत धडधड, चक्कर, मुंग्या, स्नायू ताठरणं, नंतर चहासारखी काळपट लघवी, ही आतल्या इजेची लक्षणं. भाजलेल्या स्नायूंतून रक्तात उतरलेला भाग मूत्रपिंडं बंद पाडू शकतो.

त्यामुळे 'थोडंच भाजलंय, मलम लाव आणि बस जरा' हे आपल्याकडचं नेहमीचं वाक्य माझ्या मते सगळ्यात घातक. माणूस बोलतोय, चालतोय, तरी दवाखान्यात न्यायचा आणि ईसीजी काढायचा.

आता प्रत्यक्ष वेळ आली तर. शॉकमुळे मूठ आवळली जाते, त्याला वायर सोडताच येत नाही. तुम्ही हात लावलात तर तुम्हीही चिकटाल. आधी मेन पाडा. जनरेटर किंवा इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. मेन सापडतच नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं किंवा प्लास्टिकच्या पाइपनं वायर बाजूला करा. हे फक्त शेडमधल्या सप्लायसाठी. बाहेरची हाय टेन्शन लाइन असेल तर लाकूडही चालत नाही. लांब थांबा, महावितरणला १९१२ वर कळवा.

सप्लाय गेला की श्वास बघा. श्वास नसेल तर एकानं १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला लागायचं: ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. ३० दाबांनंतर २ श्वास. शिकलेला नसलात तर नुसते दाब द्या, पण थांबू नका. शिडीवरून पडला असेल तर मान हलवू नका.

श्वास चालू असेल तर अंगठी, घड्याळ काढा आणि भाजलेल्या जागेवर २० मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. मग स्वच्छ कोरडं कापड सैल झाका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यातलं काहीही नको. (ग्रीस लावणारेही असतात!)

कुठे न्यायचं, हे आजच ठरवा. पिंपरीत वायसीएम आहे, पण शिफ्ट सुटताना चाकणहून नाशिक हायवेनं पिंपरी गाठणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. चाकणमध्येच चोवीस तास ईसीजी होणारं जवळचं हॉस्पिटल शोधून त्याचा नंबर पॅनेलवर चिकटवा. कायद्याच्या व्याख्येत कारखाना ठरणाऱ्या युनिटमध्ये शॉकच्या उपचाराचा तक्ता लावणं बंधनकारकच आहे. तुमचं युनिट त्याहून लहान असलं तरी लावा, मराठी आणि हिंदीत, कारण तुमचा हेल्पर बहुधा बिहारचा किंवा यूपीचा असणार. ग्राइंडर, ड्रिलसारख्या हातातल्या मशीनच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा.

बुधवारी संध्याकाळी, गुरुवारच्या सुट्टीआधी, दहा मिनिटं मशीन थांबवा. झाडू मारणाऱ्या मावशींपासून सगळ्यांना एकेकदा मेन पाडायला लावा.